देवीवरची ओली चादर

ती गेल्याचे ज्या सकाळी कळले, त्या सकाळी मी अजून थोडी ओली होते. मला ओले तिनेच केले होते.

मित्रांनो, मी एक जुनी सुती चादर आहे. खरे तर अर्धीच आहे. एका मूर्तिकाराच्या घरामागे पत्र्याच्या छताची एक मोठी खोली आहे. तिथे तो मातीच्या मूर्ती घडवतो, आणि काम थांबले की त्या मूर्तीवर मला पांघरतात. त्या सकाळी खोलीत फक्त पांढरेकाका होते. पांढरेकाका म्हणजे मूर्तीचे साचे काढणारे गृहस्थ. त्यांच्या भुवयांवर आणि कानांत बारा महिने प्लास्टरची भुकटी असते, म्हणून मूर्तिकाराच्या लेकीने लहानपणीच त्यांचे हे नाव पाडले. ते साच्याचे माप घ्यायला आले होते आणि मूर्तिकाराची वाट बघत उंबऱ्यावर बसले होते.

लेक आली ती तडक आत आली. तिच्या हातात रिकामी पिशवी होती.

"काका, आई गेली."

"कुठे?" काकांनी विचारले.

लेक हातातल्या पिशवीकडे बघू लागली. मग काकांना समजले. ते उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"बाबा दवाखान्यातच बसलेत तिच्यापाशी," लेक म्हणाली. "मी तिचे कपडे न्यायला आलेय."

ती घरात गेली. काकांनी माझ्याजवळ येऊन सवयीने हात पुढे केला. मी ओली आहे का, हे ते येता-जाता माझ्यावरच्या प्लास्टिकखाली दोन बोटे घालून बघत असत. त्या दिवशी हात अर्ध्या वाटेवर थांबला आणि त्यांनी तो मागे घेतला. मला रोज भिजवणारे माणूस कोण होते, हे त्यांना माहीत होते.

माझा जन्म एका गिरणीत झाला. पांढरे अंग, निळी किनार. दुकानात मी वरच्या फळीवर होते. एक नवे जोडपे आले. त्याला गडद रंगाची चादर हवी होती. तो म्हणाला, "मळखाऊ घेऊ." ती म्हणाली, "मळ दिसला तर धुता येतो. दिसलाच नाही तर काय करायचं?" दुकानदार हसला आणि त्याने मला खाली काढले.

पुढची कित्येक वर्षे मी त्यांच्या पलंगावर होते. त्यांचे रुसवे-फुगवे मी ऐकले. लेक झाली तेव्हा तिला पहिल्यांदा माझ्यावरच निजवले. ती चालू लागल्यावर दोन खुर्च्यांवर मला टाकून घर करी आणि आत बसून कोणालाही येऊ देत नसे. मी मधोमध विरले तेव्हा आईने मला उभे फाडले, चांगल्या कडा मधे घेतल्या आणि पुन्हा शिवले. असे माझे आयुष्य तिने एकदा वाढवले. दुसऱ्यांदा विरले तेव्हा मात्र तिने माझे दोन तुकडे केले. एक तुकडा फरशीला गेला. दुसरी मी, मी मातीला आले.

तुम्हाला वाटेल, चांगल्या चादरीची ही काय दशा! मला तसे वाटले नाही. नवे कापड पाणी धरत नाही. त्याच्यातली खळ पाण्याला आत येऊच देत नाही. हजार वेळा धुतलेले, मऊ पडलेले सूत असले तरच ते पाणी पोटात ठेवते आणि हळूहळू मातीला देते. म्हातारपणी मला असे काम मिळाले की जे तरुणपणी मला जमलेच नसते.

ते काम काय, ते सांगते. मातीची मोठी मूर्ती आपल्या पायांवर उभी राहत नाही. तिच्या आत लोखंडी सळ्यांचा सांगाडा असतो. माती सुकली की आकसते. लोखंड आकसत नाही. मग मातीला तडे जातात. म्हणून मूर्ती पूर्ण होऊन तिचा साचा निघेपर्यंत, मग त्याला कितीही महिने लागोत, तिला ओली ठेवावी लागते. सकाळी मला काढायचे, संध्याकाळी बादलीत बुडवून, पिळून पुन्हा घालायचे, वरून प्लास्टिक गुंडाळायचे आणि दोरी बांधायची. साचा निघाला की ती माती मोडून परत पिंपात टाकतात, पाण्यात भिजवतात आणि तिचीच पुढची मूर्ती करतात.

मला बुडवायचे, पिळायचे आणि बांधायचे काम तिचे होते. कोणी तिला दिले नव्हते. लग्नानंतर लगेच एकदा मूर्तिकार मूर्ती झाकायला विसरला होता, तेव्हापासून, माझ्या आधीच्या फडक्यांपासूनच, ते तिच्याकडे आले आणि तिच्याकडेच राहिले.

मी किती मिशा झाकल्या म्हणून सांगू! मूर्तिकाराकडे सगळी कामे पुरुषांच्या पुतळ्यांची येत. कोणी कारखान्याचा मालक, कोणी नगराध्यक्ष, कोणी घोड्यावर. संध्याकाळी ती मला त्यांच्या डोक्यावर टाकताना म्हणायची, "झोपा आता, साहेब. दिवसभर छाती पुढे काढून दमला असाल." आणि खोलीचा दिवा घालवायची.

मग एके दिवशी एका वृद्धाश्रमाच्या संचालिका आल्या. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नव्वदीची माणसं आहेत. दुखलं की तीसुद्धा 'आई गं' म्हणतात. आमच्या प्रार्थनेच्या खोलीत एक आई करून द्या. देवी म्हणा, जगन्माता म्हणा, तुम्ही म्हणाल ते. फक्त समोर बसल्यावर वाटलं पाहिजे की इथे कोणीतरी आहे."

मूर्तिकार फार आनंदला. आयुष्यभर मिशा केल्यावर त्याला देवी करायला मिळणार होती. त्याने ग्रंथ आणले, चित्रे आणली, भिंतीवर डकवली. पहिली देवी त्याने घडवली ती ताठ उभी, एक हात वर, डोळे मोठे. काम छान झाले होते. त्याची बायको मला घेऊन आली आणि देवीसमोर उभी राहिली.

"कशी आहे?" त्याने विचारले.

"छान आहे. पण हिला घाई दिसतेय."

"कसली घाई?"

"पूजा करून घ्यायची."

तो दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच ती देवी मोडली.

दुसरी देवी बसलेली होती आणि तिच्या मांडीवर बाळ होते. बाळ गुटगुटीत, देवी हसतमुख.

"आता काय?" तो म्हणाला. "आता तर घाई नाही ना?"

"घाई नाही हो. पण हिचं मूल कधी रडलेलं दिसत नाही."

"अगं, देवीचं मूल आहे ते!"

"म्हणून काय दात येताना ताप आला नसेल?"

पांढरेकाका कोपऱ्यात बसले होते. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "दादा, वहिनींना विचारूनच सांगाडा उभा करत जा. आमची खेप तरी वाचेल." मूर्तिकाराने तीही देवी मोडली. नंतर बरेच दिवस लोखंडी सांगाड्यावर नुसता मातीचा ओबडधोबड गोळा होता. तो रोज त्याच्यासमोर बसे, थोडी माती लावी आणि काढी. एकदा मी त्याला म्हणताना ऐकले, "देवी मला दिसतच नाही. मी बघितलेलीच नाही, तर करू कुठून?"

त्यानंतरची ही गोष्ट आहे. संध्याकाळ होती. तो काम थांबवून घरात गेला होता आणि चष्मा विसरला म्हणून परत आला. ती नेहमीप्रमाणे मला झाकायला घेत होती. तिने मला बादलीत बुडवले, पिळले, झटकले आणि दोन्ही हातांत धरून वर उडवले. हवा भरून मी फुगले. मग त्या गोळ्यावर तिने मला सावकाश खाली सोडले, आणि पुढे वाकून दोन्ही तळव्यांनी त्याचे खांदे चापून घेतले. झोपलेल्या मुलाचे पांघरूण असेच चापतात. तिने लेकीचे पांघरूण चापले होते तेव्हाही मीच होते, म्हणून मला फरक माहीत आहे. काही फरक नव्हता.

"थांब," दारातून तो म्हणाला.

"अगबाई! केवढ्याने दचकले. काय झालं?"

"हलू नकोस. तशीच वाकून थांब."

"अहो, कोपरावरून पाणी गळतंय. पायावर पडतंय."

"गळू दे."

त्याने मिळेल त्या कागदावर चित्र काढायला सुरुवात केली. ती वाकलेलीच राहिली. तिची कंबर भरून आली असणार, कारण तळव्यांचा भार माझ्यावर वाढत गेला.

"मला देवी करताय की काय?" ती हसायला लागली. "शेजारी सांगू नका, हसून मरतील."

"तू नाही. तुझे हात. तुझं वाकणं."

"बरं झालं. म्हणजे बाकीची मी मोकळी. स्वयंपाकाला लागते."

त्या दिवसापासून मूर्तिकार बदलला. भिंतीवरची चित्रे त्याने काढून टाकली. पांढरेकाकांनी विचारले तेव्हा त्याने एवढेच सांगितले, "मी देवी वर बघत होतो रे. जे सुकत चाललंय त्याला रोज ओलं ठेवते, ती देवी. माझ्या पाठीमागे इतकी वर्षं उभी होती." असे बोलणे त्याच्या तोंडून आधी कधी आले नव्हते. काका नुसते "हं" म्हणाले आणि भुवया पुसू लागले.

नवी देवी अशी होती: एक बाई पुढे वाकली आहे, तिच्या पसरलेल्या हातांत मोठे कापड आहे, आणि ते कापड ती कोणावर तरी पांघरते आहे. कोणावर, ते दाखवलेले नव्हते. जो समोर बसेल त्याच्यावर. हातांतल्या कापडासाठी त्याने मलाच दोरीवर टाकून माझ्या चुण्या बघून बघून केल्या. मित्रांनो, एका पलंगावरच्या चादरीच्या वाट्याला यापेक्षा जास्त मान येणे शक्य नाही. त्या दिवसांत मी फार सुखात होते.

पाय झाले, कंबर झाली, हात झाले. हात तर असे झाले की पांढरेकाका म्हणाले, "वहिनी, या हातांकडे एक कप चहा मागावासा वाटतो." चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता गोळा होता.

"चेहरा कधी?" ती विचारायची. "मला सांगा, मी वेळ काढून बसते."

"चेहरा शेवटी. त्याची काय काळजी? तो रोज समोरच आहे."

"समोर असतो. पण तुम्ही बघता कुठे?" हे ती हसत म्हणाली होती, आणि तोही हसला होता.

एकटी असली की ती त्या गोळ्याशी बोलायची. "लवकर तोंड येऊ दे गं बाई तुला," ती म्हणायची. "मलाही बघायचंय मी कशी दिसते ते." हे तिने त्याला कधी सांगितले नाही. मला झाकताना सांगितले, म्हणून मला माहीत आहे.

उन्हाळा लागला तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी घरात कोणालाच कळली नव्हती. मी पूर्वीपेक्षा जास्त ओली राहू लागले. तिची पिळण्याची ताकद कमी झाली होती. पूर्वी एका पिळ्यात माझे सगळे पाणी निघायचे. आता ती एकदा पिळायची, बादली पालथी घालून तिच्यावर बसायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा पिळायची. तरी माझ्यातून पाणी ठिबकत राही. मूर्तिकार एकदा म्हणाला, "हल्ली पाणी जास्त होतंय. बघ, खालची माती मऊ पडलीय." ती म्हणाली, "पिळते की नीट." एवढेच. मी तेव्हा ओरडून सांगायला हवे होते. पण चादरीला तोंड नसते.

ज्या दिवशी तिला दवाखान्यात नेले, त्या दिवशी गाडी फाटकाशी उभी होती. चालक सारखा भोंगा वाजवत होता. ती पायात चप्पल घालून खोलीत आली. मूर्तिकार मागून आला.

"अगं, ते राहू दे! मी करतो."

"तुम्ही करता ते मला माहितीये."

तिने मला भिजवले, पिळले, देवीवर टाकले, खांदे चापले. प्लास्टिक गुंडाळले. ते वरच्या बाजूला फाटले होते, पण दोन-तीन दिवसांचाच प्रश्न होता. मग तिने कमरेभोवती आणि छातीभोवती दोरी फिरवून तिची नेहमीची गाठ मारली. तिला दम लागला होता.

"मी येईपर्यंत हात लावू नका याला," ती म्हणाली. "तुम्ही धड पिळत नाही. सगळं चिखल करून ठेवाल."

"नाही लावत. चल आता."

हे तिचे या खोलीतले शेवटचे बोलणे.

सगळे आटोपून मूर्तिकार घरी आला, तेव्हा माझी किनार वाळली होती, पण पोटात ओल होती. तो स्टूल घेऊन माझ्यासमोर बसला. दिवसभर बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. त्याने ना मला हात लावला, ना मातीला. तो त्या गाठीकडे बघत होता.

पांढरेकाका आले. त्यांनी प्लास्टिकखाली बोटे घातली.

"दादा, वाळायला लागलंय. एक बादली आणू?"

"नको."

"तुम्ही नका करू. मी करतो. गाठ सोडायची, ओलं करायचं, परत बांधायचं. पाच मिनिटांचं काम."

"तिने बांधलंय."

"अहो, वहिनींनी बांधलंय ते माती वाचावी म्हणूनच ना?"

"हात लावू नका म्हणाली."

"'मी येईपर्यंत' म्हणाल्या होत्या!"

काकांच्या तोंडून निघून गेले. बाहेर नळाखाली बादली भरून वाहत होती, काकांनी जाऊन नळ बंद केला.

मित्रांनो, तो वेडा झाला नव्हता. ती येणार नाही, हे त्याला पक्के माहीत होते. लेकीने त्याला सरळच विचारले.

"बाबा, आई आता येणार नाहीये. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग सोडा ना ती गाठ. मूर्ती जाईल बाबा. तिच्या हातांची मूर्ती आहे ती!"

"गाठही तिच्याच हातांची आहे," तो म्हणाला. "मूर्ती मी केलीय. ही तिने केलीय. घरात बाकी सगळं धुऊन झालं, आवरून झालं. तुझ्या आत्याने तिची उशीसुद्धा उन्हात टाकली. तिने केलेलं तसंच्या तसं एवढंच उरलंय."

लेकीने कात्री आणली. गाठ तशीच ठेवू, दुसरीकडे दोरी कापू, असे ती म्हणाली. तो रागावला नाही. फक्त उठून मूर्तीच्या आणि तिच्या मधे उभा राहिला. बाप आणि लेक तसे बराच वेळ उभे होते. शेवटी तिने कात्री खिडकीत ठेवली आणि त्याच्या छातीवर डोके टेकून रडली. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला आणि म्हणाला, "तुझी गाडी चुकेल." तिला तिच्या घरी परतायचे होते. तिची मुले लहान होती.

पांढरेकाका गप्प बसणारे नव्हते. मूर्तिकार जेवायला गेला असताना ते झाडांना फवारा मारायचा पंप घेऊन आले आणि प्लास्टिकच्या खालून आत पाणी मारले. पण पाणी पोचले ते पायांपर्यंतच. छातीवर, हातांवर, जिथे मी कोरडी होते तिथे ते चढले नाही. आणि खाली ओले, वर कोरडे असे झाले की माती जास्तच ओढाताण करते. मला ते आतून जाणवत होते. पहिला तडा डाव्या खांद्याला गेला. त्याचा आवाज अगदी बारीक होता, नख मोडल्यासारखा. काकांनाही तो ऐकू आला असावा, कारण त्यांनी पंप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

पत्रा तापत होता. मी वाळत गेले आणि मातीला चिकटत गेले. जे माझे काम होते, नेमके त्याच्या उलट आता घडत होते. मी मातीला ओल देण्याऐवजी तिची उरलीसुरली ओल शोषून घेत होते. त्यात माझी इच्छा नव्हती. सुताचा तो धर्मच आहे.

शेवटी ती गाठ कोणीच सोडली नाही. माती इतकी आकसली की दोरी आपोआप सैल पडली. एका दुपारी ती देवीच्या अंगावरून घसरली आणि पायांपाशी वेटोळे होऊन पडली. गाठ जशीच्या तशी होती. मूर्तिकार स्टुलावरच होता. त्याने दोरी उचलली, गाठीवरून अंगठा फिरवला आणि ती खिळ्याला अडकवली. मग त्याने प्लास्टिक काढले, आणि कितीतरी दिवसांनी मला हात लावला.

मी पापडासारखी कडक झाले होते. त्याने मला हळूच ओढले. मी निघेना. त्याने जरा जोर केला. मी निघाले, पण एकटी नाही. देवीच्या दोन्ही हातांची माती माझ्याबरोबर आली. पसरलेले कापड आले, बोटे आली. काही तुकडे माझ्यावर राहिले, काही जमिनीवर पडून फुटले. सांगाड्याच्या दोन गंजक्या सळ्या पुढे आलेल्या तेवढ्या दिसू लागल्या. ज्या हातांकडे चहा मागावासा वाटत होता, ते हात गेले.

मूर्तिकार खाली बसला आणि तुकडे जुळवू लागला. एक अंगठा त्याला मिळाला. तो त्याने खिशात ठेवला.

त्यानंतर त्याने एकदाच प्रयत्न केला. त्याने पिंपाच्या तळची ओली माती घेतली आणि चेहऱ्याच्या गोळ्यासमोर उभा राहिला. डोळे मिटले. कपाळापासून सुरुवात केली. मग थांबला. पुन्हा डोळे मिटले. तो घरात गेला आणि तिचा फोटो घेऊन आला. कुठल्याशा कागदपत्रांसाठी काढलेला छोटा फोटो होता, त्यात ती कॅमेऱ्याला घाबरल्यासारखी बघत होती. त्याने तो बराच वेळ न्याहाळला.

"ही ती नाही," तो म्हणाला.

तिची मान खाली घातलेली त्याला आठवत होती. वाकलेली पाठ आठवत होती. ओली कोपरे आठवत होती. नाकाची उंची आठवत नव्हती. ती कामात असतानाच त्याने तिला पाहिले होते, आणि कामात असताना तिचा चेहरा नेहमी कामाकडे असे. त्याने हातातली माती तरी गोळ्याला लावली. ओली माती कोरड्या मातीला धरत नाही. ती खाली पडली. त्याने पुन्हा लावली. ती पुन्हा पडली. मग त्याने हात धुतले.

वृद्धाश्रमाच्या संचालिका येऊन गेल्या. मूर्तीकडे बघून त्या हळहळल्या. म्हणाल्या, "आम्ही थांबतो. चबुतरा बांधून ठेवलाय. आमच्या एक आजी रोज तिथे जाऊन बसतात. म्हणतात, येईल ती."

"त्यांना सांगा, थांबू नका," मूर्तिकार म्हणाला.

"तसं मी त्यांना सांगणार नाही," संचालिका म्हणाल्या. त्या गेल्या.

पांढरेकाकांनी मूर्ती मोडली. सांगाडा भिंतीला टेकवला, माती फोडून पिंपात टाकली. फोडताना ते तोंड फिरवून काम करत होते. झाल्यावर म्हणाले, "दादा, माती कुठे जात नाही. पाणी घातलं की झाली नवी. फक्त पाणी घाला. बाकीचं मग बघू." मूर्तिकाराने मान हलवली. काका अजूनही येतात, झाकण उघडून बघतात आणि झाकण लावतात. पाणी त्यांनीही घातलेले नाही. ते काम दुसऱ्याने करायचे नाही, एवढे त्यांना कळले आहे.

मी पिंपाच्या कडेला टाकलेली आहे. माझी अजून घडी होत नाही. तिच्या हातांची माती माझ्या चुण्यांत अडकली आहे आणि मी जिथे वाकले तिथे वाकडीच वाळले आहे. मला धुतले तर मी पुन्हा मऊ होईन, असे मला वाटते. पण मला धुणारे माणूस या घरात एकच होते.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे, म्हणून एक विनंती करते. तुमच्या घरातही कोणीतरी रोज काहीतरी भिजवत असेल, झाकत असेल, बांधत असेल. ते माणूस कामात असताना एकदा त्याला थांबवा. मान वर करायला सांगा. त्याचा चेहरा नीट बघून घ्या. आणि ते पूर्वीपेक्षा लवकर दमते आहे का, तेही बघा. या गोष्टी चादरीला कळून उपयोग नसतो.

मूर्तिकार आता या खोलीत फारसा येत नाही. आला तर स्टुलावर बसतो आणि जातो. वृद्धाश्रमातला चबुतरा रिकामा आहे. इथे माती भिजवायची राहिली आहे, आणि चेहरा करायचा राहिला आहे.